पुसलेलं शतक वाचायचं कसं?

‘वन पीस’ या जपानी चित्रकथेतल्या जागतिक सरकारने एका आठ वर्षांच्या मुलीवर ७ कोटी ९० लाख बेरींचं (बेरी म्हणजे त्या जगातलं चलन) इनाम लावलं. कागदोपत्री तिच्यावर आळ होता आरमाराची जहाजं बुडवल्याचा. खरं कारण वेगळंच होतं. निको रॉबिन नावाच्या या मुलीला एक मृत लिपी वाचता येत होती. हेच सरकार सात बड्या चाच्यांना मात्र राजरोस अभय देत होतं. तोफा घेऊन समुद्र धुंडाळणारे चालतात, पण दगडावरचा लेख वाचणारी लहान मुलगी चालत नाही. असं का?

एइचिरो ओदा यांनी २२ जुलै १९९७ रोजी ‘शोनेन जम्प’ या साप्ताहिकात ही कथा सुरू केली. ऑक्टोबर १९९९ पासून तिची ॲनिमे मालिका येऊ लागली. पुस्तकरूपातल्या खंडांनी शंभरी केव्हाच ओलांडली असून त्यांच्या ५० कोटींहून अधिक प्रती जगभर गेल्या आहेत. आपल्याकडेही शाळा-कॉलेजातली मुलं सबटायटल लावून ही मालिका बघतात. रबरासारखं ताणलं जाणारं शरीर लाभलेला लुफी नावाचा मुलगा चाच्यांचा राजा व्हायला निघतो, ही वरवरची गोष्ट. तिच्या तळाशी एक हरवलेलं प्राचीन राज्य आहे. ते कसलं होतं, कुणी बुडवलं, त्याचं काय उरलं, यावर पंचवीसेक वर्षं जगभरचे वाचक तर्क लढवत आहेत.

यातले काही तर्क उत्तर येण्याच्या किती तरी आधी बांधले गेले आणि बरोबर ठरले, काही साफ आपटले. बरोबर येणं हा निव्वळ नशिबाचा भाग नव्हता. त्यामागे एक पद्धत आहे. ती कशी चालते आणि कुठे थांबवायला हवी, हे आपण क्रमाने पाहू. (कथेतली बरीच रहस्यं पुढे उघड केली आहेत. मालिका अर्ध्यावर असेल, तर आधी ती पूर्ण करावी.)

शंभर वर्षांची कोरी जागा

कथेतलं जग जवळजवळ सगळं पाण्याचं आहे. ‘रेड लाइन’ नावाची उंच भिंतीसारखी भूमी पृथ्वीला एक पूर्ण वेढा घालते. ‘ग्रँड लाइन’ हा समुद्राचा पट्टा तिला आडवा छेदतो. या दोन वेढ्यांमुळे उरलेल्या पाण्याचे चार समुद्र झाले आहेत. या जगावर ८०० वर्षं जागतिक सरकारची सत्ता आहे. वीस राजांनी एकत्र येऊन ते स्थापन केलं. त्यांपैकी एकोणीस राजघराणी रेड लाइनच्या माथ्यावरच्या मारी जोआ या नगरात जाऊन राहिली. अलाबास्टाचं नेफेरतारी घराणं तेवढं आपल्या वाळवंटी देशातच थांबलं.

सरकारच्या स्थापनेआधीची शंभर वर्षं, म्हणजे आजपासून ९०० ते ८०० वर्षांपूर्वीचा काळ, इतिहासातून गायब आहे. चाहते त्याला ‘व्हॉइड सेंच्युरी’ म्हणतात. आपण कोरं शतक म्हणू. या शतकाचा अभ्यास करणं हा गुन्हा आहे आणि त्याला शिक्षा मृत्यूची.

हे शतक पूर्णपणे पुसता मात्र आलं नाही. कारण त्या काळात कुणी तरी सुमारे तीस दगडी ठोकळ्यांवर मजकूर कोरून ठेवला. त्यांना पोनेग्लिफ म्हणतात. ते फुटत नाहीत, जळत नाहीत. वानो देशातल्या कोझुकी घराण्याच्या पाथरवटांनी ते घडवले. त्यांपैकी चार तांबडे दगड खास आहेत. प्रत्येकावर एका ठिकाणाची खूण आहे. चारही ठिकाणं नकाशावर मांडली, की शेवटच्या बेटाची जागा सापडते. चाच्यांचा राजा गोल डी. रॉजर तिथे पोचला तो असाच, लिपी जाणणारा कोझुकी ओदेन बरोबर होता म्हणून.

न दिसणारी गोष्ट कशी दिसते?

ज्याबद्दल एक ओळही उरलेली नाही, त्याबद्दल काही कळणार तरी कसं? वहीचं एक पान फाडून टाकलं, तरी लिहिताना पेनाचा दाब खालच्या पानावर उमटलेला असतो. त्यावर पेन्सिल आडवी धरून हलकेच घासली, की पांढऱ्या रेघांतून फाडलेल्या पानावरची अक्षरं वर येतात. कोऱ्या शतकाचंही तसंच आहे. पान गेलं, पण त्याचा दाब आजूबाजूच्या पानांवर राहिला. चाहते घासतात ती ही खालची पानं.

असं घासून दाखवणारा पहिला माणूस कथेतच आहे. ओहारा बेटावर ज्ञानवृक्ष नावाच्या महाकाय झाडाच्या पोटात जगातलं मोठं ग्रंथालय होतं. तिथले प्रमुख प्राध्यापक क्लोव्हर सरकारच्या सर्वोच्च पाच वडीलधाऱ्यांना आपला निष्कर्ष ऐकवतात. त्यांचा युक्तिवाद पायरीपायरीने असा आहे. मजकूर कागदावर न लिहिता न फुटणाऱ्या दगडावर कोरला, म्हणजे कागद नष्ट करू शकेल असा शत्रू लिहिणाऱ्यांसमोर होता. आपण हरणार हे त्यांना कळलेलं होतं, म्हणूनच त्यांनी पुढच्या पिढ्यांसाठी निरोप ठेवला. ते हरले, याचा अर्थ कुणी तरी जिंकलं. कोरं शतक जिथे संपतं, नेमकी तिथेच जागतिक सरकारची स्थापना होते. मग जिंकणारे कोण हे उघड आहे.

या मांडणीत क्लोव्हर यांनी दगडावरच्या मजकुरापेक्षा दगड निवडला गेला या गोष्टीकडे जास्त लक्ष दिलं. ते त्या राज्याचं नाव उच्चारणार, इतक्यात वडीलधाऱ्यांच्या हुकमाने त्यांना गोळी घातली जाते आणि ‘बस्टर कॉल’ नावाचा आरमारी हल्ला अख्खं बेट बेचिराख करतो. वाचकांच्या दृष्टीने ही गोळीही पुरावाच ठरली. तर्क चुकीचा असता, तर तो हसण्यावारी नेता आला असता.

चौकट: कोऱ्या शतकाबद्दल कथेने पक्कं सांगितलेलं

• त्या काळी तंत्रज्ञानात फार पुढे गेलेलं एक राज्य होतं. ९०० वर्षांपूर्वी तिथे जॉय बॉय जन्मला. समुद्रावरचा पहिला चाचा तोच.

• जॉय बॉयचा पक्ष आणि वीस राज्यांची आघाडी यांच्यात युद्ध झालं. आघाडी जिंकली आणि तिचंच जागतिक सरकार झालं.

• प्लूटन, पोसायडन आणि यूरेनस ही तीन प्राचीन अस्त्रं त्या काळातली.

• त्या शंभर वर्षांत समुद्राची पातळी २०० मीटरनी वाढली आणि ही वाढ नैसर्गिक नव्हती.

• राज्याचं नाव, युद्धाचं मूळ कारण आणि शेवटच्या बेटावरचा खजिना या गोष्टी वाचकांपुढे खुल्या व्हायच्या आहेत.

तर्क उभा राहतो तो कशावर?

चाहत्यांच्या चांगल्या तर्कांकडे नीट पाहिलं, तर त्यांत तीन प्रकारचे धागे सापडतात.

पहिला धागा म्हणजे खटकणारी गोष्ट. लुफीने लहानपणी खाल्लेलं फळ साधं रबराचं फळ आहे, असं वाचक जवळजवळ २५ वर्षं धरून चालले होते. २०२१ मध्ये एका पात्राच्या तोंडून कळलं, की ते फळ एके काळी सरकारी जहाजातून कडक पहाऱ्यात नेलं जात होतं आणि वाटेत चोरीला गेलं. पहाऱ्यावरच्या माणसाला त्यापायी तुरुंगवास भोगावा लागला. इथे वाचकांना खटकलं. अंग ताणता येणं एवढाच गुण असलेल्या फळासाठी इतका बंदोबस्त कशाला? पाठोपाठ त्याच पात्राने गुलाम ज्याची प्रार्थना करत, त्या निका नावाच्या सूर्यदेवाचा उल्लेख केला. दोन्ही गोष्टी जोडून अनेकांनी अंदाज बांधला, की हे फळ त्या देवाशी संबंधित असणार. मार्च २०२२ मध्ये १०४४ व्या प्रकरणात नेमकं तेच बाहेर आलं. सरकारने फळाचं खरं नाव बदलून ते इतिहासातून काढून टाकलं होतं. म्हणजे पुसापुशी फक्त पुस्तकांची झालेली नव्हती, नावांचीही झाली होती.

दुसरा धागा सांध्याचा. वेगवेगळ्या ठिकाणी सापडलेले दोन तुकडे जोडले, की तिसरीच आकृती तयार होते. स्कायपिया या आकाशबेटाच्या कथेने वाचकांना याची दीक्षाच दिली. चारशे वर्षांपूर्वी नोलँड नावाचा दर्यावर्दी राजाला सांगतो, की जाया बेटावर सोन्याचं शहर आहे. राजा जातीने तिथे पोचतो, तर शहर नाही. खोटारडा ठरवून नोलँडला देहदंड होतो आणि ‘थापाड्या नोलँड’ ही मुलांची गोष्ट बनते. लुफीच्या जहाजावरची नामी पुढे जायाचा नकाशा आकाशातल्या एका बेटाच्या नकाशाला जुळवून पाहते. दोन्ही मिळून मानवी कवटीचा आकार होतो. समुद्रातून उसळणाऱ्या प्रचंड प्रवाहाने जायाचं अर्धं बेट १०,००० मीटर उंच भिरकावून दिलेलं असतं आणि शांडोरा हे शहर त्या अर्ध्या भागात असतं. एखादी वस्तू जागेवर मिळाली नाही, एवढ्यावरून ती नव्हतीच असं म्हणता येत नाही, हा धडा ओदांनी इथे दिला. या शांडोराचा पाडावही ८०० वर्षांपूर्वीचाच, म्हणजे कोऱ्या शतकाच्या अखेरचा.

तिसरा धागा पुन्हा पुन्हा येणाऱ्या चित्राचा. एकच गोष्ट एकमेकांशी संबंध नसलेल्या ठिकाणी वारंवार दिसू लागली, तर तिच्यामागे समान कारण असण्याची शक्यता वाढते. याचं सर्वांत भक्कम उदाहरण म्हणजे पाणी.

बुडालेल्या जगाचा माग

वॉटर सेव्हन हे शहर दरवर्षी थोडं थोडं खचत जातं आणि लोक जुन्या घरांच्या डोक्यावर नवी घरं बांधतात. वानो देशाखाली जुना वानो पाण्यात बुडालेला आहे, हे १०५५ व्या प्रकरणात समजतं. झोऊ हे बेट म्हणजे समुद्रात पाय बुडवून शतकानुशतकं चालणारा महाकाय हत्ती. जगात बेटंच बेटं आहेत, पण रेड लाइन सोडली तर सलग खंड कुठेच नाही. हे सगळं मांडून बऱ्याच वाचकांचं मत झालं होतं, की आज दिसणारी बेटं म्हणजे एके काळच्या डोंगरांची शिखरं असावीत.

मग २०२२ मध्ये लुलुसिया राज्यावर आभाळातून हल्ला झाला आणि ते क्षणात नाहीसं झालं. जिथे बेट होतं, तिथे समुद्राला पडलेलं अथांग भोक उरलं, त्यात चहूकडून पाणी कोसळत राहिलं आणि जगभर समुद्राची पातळी एक मीटरने वाढली. वाचकांना लगेच एनिएस लॉबी आठवली. सरकारचं हे न्यायालयाचं बेट अशाच अथांग भोकावर तोललेलं आहे आणि त्याचं चित्र त्याआधी पंधराएक वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होतं. त्यावरून तर्क निघाला, की तिथेही कोऱ्या शतकात हेच अस्त्र चाललं असावं. अनेक जण ते अस्त्र यूरेनस मानतात.

२०२४ मध्ये या तर्काला मोठा आधार मिळाला. वेगापंक या शास्त्रज्ञाने आपल्या मृत्यूनंतर आपोआप प्रसारित होईल असा संदेश तयार ठेवला होता. कोऱ्या शतकात पाणी २०० मीटर चढलं, ते माणसाच्या कृतीमुळे चढलं आणि त्या युद्धाचा शेवट झालेला नाही, असं तो साऱ्या जगाला सांगतो.

२०० मीटर म्हणजे किती, हे आपल्या पृथ्वीवरून मोजता येतं. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात असताना समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता. बर्फ वितळून तो आजच्या पातळीला यायला दहा हजारांहून जास्त वर्षं लागली. त्यातला वेगवान टप्पा सुमारे साडेचौदा हजार वर्षांपूर्वीचा आणि त्यातही शतकाला चारेक मीटर एवढीच वाढ झाली. आज समुद्र वर्षाला तीन-चार मिलिमीटरने वर येतो आहे. अंटार्क्टिका आणि ग्रीनलँडसह पृथ्वीवरचा सगळा बर्फ वितळला, तरी वाढ ६५ ते ७० मीटरच्या आसपास थांबेल. मग शंभर वर्षांत २०० मीटर हा आकडा बर्फाच्या हिशेबात बसतच नाही. कथेतला शास्त्रज्ञ या वाढीला अनैसर्गिक म्हणतो, तेव्हा त्याचं म्हणणं आपल्या भूगोलालाही पटणारं आहे.

काही वाचकांनी पुढचा हिशेबही मांडला. एका हल्ल्याने पाणी एक मीटर चढतं, तर २०० मीटरसाठी असे दोनशे हल्ले लागले असतील. हिशेब सोपा असला, तरी प्रत्येक हल्ला सारख्याच ताकदीचा होता हे त्यात गृहीत धरलं आहे. अशी गृहीतकं उघड लिहून ठेवायची सवय असेल, तर पुढे तर्क मोडला तरी नेमका कुठे मोडला ते कळतं.

मोडलेल्या तर्कांतून काय शिकायचं?

प्राचीन अस्त्रं म्हणजे यंत्रं, हे बहुतेकांनी गृहीत धरलं होतं. त्याला कारणही होतं. प्लूटन हे युद्धजहाज आहे आणि त्याचे आराखडे वॉटर सेव्हनच्या जहाजबांधणी कारागिरांनी पिढ्यान् पिढ्या जपले होते, असं कथेत आलेलं होतं. म्हणून पोसायडनही तसंच काही असणार, असं वाटत होतं. मत्स्यमानवांच्या बेटावर कळलं, की पोसायडन म्हणजे जलपरी राजकन्या शिराहोशी आहे. समुद्रराजांना, म्हणजे अजस्र सागरी प्राण्यांना, ती हाक मारू शकते आणि तिची ही हाक हेच ते अस्त्र. एका उदाहरणावरून सगळ्या जातीबद्दल नियम बांधला, तर अशी फसगत होते.

दुसरं उदाहरण प्लूटनच्या जागेचं. अलाबास्टाच्या भुयारातला पोनेग्लिफ रॉबिन वाचते आणि त्यात प्लूटनचा ठावठिकाणा आहे हे कळतं. दगड अलाबास्टात, तर अस्त्रही तिथेच कुठे तरी पुरलेलं असणार, असं खलनायक क्रोकोडाइलने मानलं. वाचकांनीही मानलं. सुमारे वीस वर्षांनी उघड झालं, की त्या दगडावर वानो देशाचा पत्ता होता. वाचकांना कथेने कुठेही खोटं सांगितलेलं नव्हतं. जिथे चिठ्ठी सापडली, तिथेच वस्तू असेल हा समज त्यांचा स्वतःचा होता.

तिसरा धोका याहून अवघड आहे. आकाशबेटावरच्या जल्लोषात शेकोटीभोवती नाचणाऱ्या लुफीची सावली निकाच्या प्रसिद्ध आकृतीशी मिळतीजुळती आहे. ओदांनी वीस वर्षं आधीच खूण पेरली होती, असं चाहते अभिमानाने सांगतात. तसं असू शकतं. पण ही कथा पाचेक वर्षांत संपवायची, असा ओदांचा मूळ बेत होता. ती लांबत गेली, तशी वाढतही गेली. लेखकाने नंतर आपलंच जुनं चित्र पाहून नव्या देवाला तीच ढब दिली, हेही तितकंच शक्य आहे. उत्तर कळल्यावर मागे जाऊन सापडलेली खूण आणि उत्तराआधी दाखवून दिलेली खूण यांचं वजन सारखं नसतं. फळाच्या बंदोबस्तावरून बांधलेला अंदाज दुसऱ्या प्रकारचा होता, म्हणून तो जास्त मोलाचा.

अजून उघडे असलेले दोन मोठे तर्क

पहिला चंद्राचा. स्कायपियात हरलेला खलनायक एनेल चंद्रावर जातो. तिथे काय घडतं, ते ओदांनी मुख्य कथेत न सांगता प्रकरणांच्या मुखचित्रांतून, एकेका चित्राने सांगितलं. चंद्रावर त्याला उद्ध्वस्त शहर, छोटे यंत्रमानव आणि भिंतीवरची चित्रं सापडतात. पंख असलेले लोक साधनसंपत्ती संपल्यामुळे निळ्या ग्रहाकडे निघाले, असं ती चित्रं सांगतात. त्या शहराचं नाव बिर्का, आणि एनेलच्या जन्मबेटाचं नावही बिर्काच. एवढ्यावरून स्कायपियातली पंखवाली माणसं चंद्रवासीयांची वंशज आहेत, असं मानायला चांगला आधार मिळतो. त्यापुढे जाऊन प्राचीन राज्याचं तंत्रज्ञानच चंद्रावरून आलं, असं काही जण म्हणतात. ती उडी मात्र लांबची आहे. लोक खाली आले हे चित्रांत दिसतं, त्यांनी राज्य घडवलं हे दिसत नाही.

दुसरा रेड लाइनचा. चारही समुद्रांचे मासे एकत्र मिळतील असा ‘ऑल ब्लू’ नावाचा समुद्र शोधणं, हे जहाजावरच्या आचारी सांजीचं स्वप्न आहे. मत्स्यमानवांचं बेट मारी जोआच्या बरोबर खाली, १०,००० मीटर खोल आहे. लुफीच्या हातून ते बेट नष्ट होईल, असं भविष्य शर्ली नावाच्या जलपरीने पाहिलं आहे. त्याच बेटावर नोआ नावाचं अवाढव्य जहाज कुठल्याशा ठरलेल्या दिवसाची वाट पाहत उभं आहे, आणि तिथल्या पोनेग्लिफवर जॉय बॉयने वचन पाळता न आल्याबद्दल मागितलेली माफी कोरली आहे. चाहते म्हणतात, की लुफी रेड लाइन फोडेल, खालचं बेट त्यात नष्ट होईल, तिथल्या रहिवाशांना नोआ वर घेऊन येईल आणि चार समुद्र एक झाले की ऑल ब्लू आपोआप तयार होईल.

माझ्या मते चाहत्यांच्या सगळ्या तर्कांत हा सर्वांत देखणा आहे. एकमेकांपासून दूर पेरलेल्या चार-पाच गोष्टी तो एका घटनेत गुंफतो, आणि लुफीसारखा मायाळू मुलगा मित्रांचं बेट का उद्ध्वस्त करेल, या कोड्यालाही मान्य होईल असं उत्तर देतो. तो खोटा ठरू शकतो, हाही त्याचा गुणच. रेड लाइन अभंग असताना ऑल ब्लू सापडला, तर हा तर्क संपला.

लेखक नसलेला भूतकाळ

या सगळ्या तर्कांना एक आधार आहे, तो म्हणजे ओदा. पुरावे पेरणारा माणूस एक आहे, त्याने ते सापडावेत म्हणूनच पेरले आहेत आणि शेवटी तो उत्तर देणार आहे. एनिएस लॉबीचं भोक कुणी तरी मुद्दाम चितारलं आहे, म्हणून त्याचा अर्थ शोधणं रास्त ठरतं. खऱ्या भूतकाळाला असा लेखक नाही. हा फरक विसरून तीच पद्धत खऱ्या समुद्रावर वापरली, की माणूस फसतो.

याचं उदाहरण जपानच्याच समुद्रात आहे. १९८६ मध्ये योनागुनी बेटाजवळ एका पाणबुड्याला पाण्याखाली प्रचंड पायऱ्या, सपाट ओटे आणि काटकोनी कडा असलेली शिळा दिसली. र्‍युक्यू विद्यापीठाचे मासाआकी किमुरा यांनी ती मानवनिर्मित असल्याचं मत मांडलं आणि बुडालेल्या संस्कृतीच्या गोष्टी सुरू झाल्या. अमेरिकी भूशास्त्रज्ञ रॉबर्ट शोक यांनी पाण्यात उतरून पाहणी केली आणि ती मुख्यतः नैसर्गिक असल्याचं सांगितलं. तिथला वालुकाश्म थराथरांचा आहे. थर आडवे सुटतात, उभ्या भेगा जवळजवळ काटकोनात पडतात, मग पायऱ्या आपोआप तयार होतात. कथेत काटकोनी दगड दिसला तर तो चित्रकाराने काढलेला असतो. समुद्रात दिसला तर आधी दगडाची जात विचारावी लागते. अटलांटिसचंही तसंच. प्लेटोने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात आपल्या संवादांत ते वर्णिलं. १८८२ मध्ये इग्नेशस डॉनली यांनी त्याला खरा इतिहास मानून ग्रंथ लिहिला आणि दूरदूरच्या संस्कृतींमधली साम्यं पुरावा म्हणून मांडली. ती साम्यं कुणी पेरलेली नव्हती.

न वाचता येणारे दगड खऱ्या इतिहासातही सापडतात, आणि त्यांचं वाचन कसं झालं हे आपल्या देशानेच पाहिलं आहे. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने टोपरा आणि मेरठ इथून दोन अजस्र स्तंभ दिल्लीला आणले. त्यांवरचा लेख वाचू शकेल असा विद्वान त्याला मिळाला नाही. पुढे १८३७ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीतल्या जेम्स प्रिन्सेपने सांचीच्या कठड्यांवरचे अनेक छोटे लेख एकत्र मांडले. बरेचसे लेख त्याच अक्षरांनी संपत होते. स्तूपाच्या दगडांवर इतके वेगवेगळे लोक एकच शब्द कोरतात, तर ती दानाची नोंद असावी, असं त्याला वाटलं. ‘दानं’ हा शब्द बसला आणि ब्राह्मी लिपी उलगडत गेली.

स्तंभांवर नाव निघालं ते देवानंपिय पियदसि या राजाचं. श्रीलंकेतल्या पाली ग्रंथांच्या आधारे जॉर्ज टर्नर यांनी तो अशोक असल्याचं दाखवलं. तोही तेव्हा तर्कच होता. १८८२ मध्ये मुंबईजवळच्या सोपाऱ्यात भगवानलाल इंद्रजींना याच राजाच्या लेखाचा तुकडा मिळाला, त्यामुळे त्याचा अंमल कोकण किनाऱ्यापर्यंत होता हे कळलं. शेवटी १९१५ मध्ये कर्नाटकातल्या मस्की इथे सापडलेल्या लेखात अशोक हे नाव स्पष्ट कोरलेलं आढळलं. तिथे दुसरं नाव निघालं असतं, तर जवळजवळ ८० वर्षं मान्य असलेला तर्क कोसळला असता.

अशोकाला कुणा सरकारने पुसलं नव्हतं. लिपीचं वळण शतकाशतकाने बदलत गेलं आणि जुनं वळण वाचणारं कुणी उरलं नाही, इतकंच. कथेतल्या भूतकाळात पान फाडणारा हात असतो. खऱ्या भूतकाळात बहुतेक पानं वाळवीने, पावसाने आणि विस्मरणाने जातात. म्हणून एखाद्या विषयाची माहिती नाही, म्हणजे ती कुणी तरी लपवली, ही ओहाराची पायरी इथे पहिल्याच झटक्यात चढता येत नाही.

चौकट: कुठलाही तर्क तपासायचे चार प्रश्न

• किती स्वतंत्र धागे आहेत? एकच धागा तीन वेळा सांगितला, तर तो एकच मोजावा.

• अंदाज उत्तराच्या आधी बांधला, की उत्तर कळल्यावर मागचं जुळवलं?

• काय सापडलं तर तर्क खोटा ठरेल? उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर त्याला तर्क म्हणू नये.

• पुरावा कुणी मुद्दाम ठेवला आहे, की निसर्गामुळे आणि काळामुळे तसा झाला आहे?

‘वन पीस’चे चाहते पहिल्या तीन प्रश्नांत तरबेज होतात. दोन नकाशे जुळवून पाहणं, खटकणाऱ्या गोष्टीपाशी थांबणं, आवडता अंदाज मोडला की तो सोडून देणं, ही शिस्त त्यांना कुणा शिक्षकाने लावलेली नसते. पुढच्या प्रकरणाच्या ओढीने ती अंगी बाणते. घरातला मुलगा किंवा मुलगी तासभर कोऱ्या शतकाबद्दल बोलत असेल, तर ते बोलणं वेळेचा अपव्यय समजू नये. त्यांना चौथा प्रश्न मात्र आवर्जून विचारावा. तो विचारायची सवय लागली, की बुडालेल्या शहरांचे व्हिडिओ बघतानाही ती मुलं आधी दगडाची जात विचारतील, आणि पुरातत्त्व हा विषय त्यांना ओदांच्या कथेइतकाच रंजक वाटू लागेल.